चेंडूतील हवा आणि शिक्षेचे माप

खेळातल्या भांडणाला व्याख्यानमालेत काय स्थान, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, न्याय म्हणजे काय ह्याचा विचार सामान्य माणूस न्यायालयात जाऊन क्वचितच करतो. तो करतो मैदानाच्या कडेला बसून. ‘पंचाने अन्याय केला’ असे जेव्हा तो ओरडतो, तेव्हा पुरावा, अधिकार आणि शिक्षा ह्या तिन्ही गोष्टींवर तो नकळत मत देत असतो. ते मत बहुधा एकाच घोटात दिले जाते आणि घोटाळा तेथेच होतो. अमेरिकेत २०१५ च्या जानेवारीपासून २०१६ च्या जुलैपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा महिने, चेंडूतील हवेवरून एक भांडण चालले. त्याची हकीकत सांगून त्यातले गुंतलेले धागे वेगळे करून दाखवावेत, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख हवी. अमेरिकन फुटबॉल हा पायापेक्षा हाताने अधिक खेळला जातो. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू तो लांबवर फेकून आपल्या गड्याकडे पोहोचवतो. चेंडूत हवेचा दाब दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पौंड असावा, असा नॅशनल फुटबॉल लीगचा नियम आहे. हवा थोडी कमी असली की चेंडू बोटांत चांगला बसतो. थंडीपावसात तर हा फायदा विशेष. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००६ पासून प्रत्येक संघ चढाई करताना स्वतः तयार करून आणलेले चेंडू वापरतो. त्यामुळे एका संघाचे चेंडू मऊ आणि दुसऱ्याचे टणक, असे एकाच सामन्यात घडू शकते.

१८ जानेवारी २०१५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील फॉक्सबरो येथे न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स ह्यांचा सामना झाला. जिंकणारा संघ अंतिम सामन्यात जाणार होता. पेट्रियट्सच्या चेंडूंविषयी आपल्याला शंका आहे, असे कोल्ट्सनी आदल्याच दिवशी लीगला कळवले होते. मध्यंतरात पंचांनी पेट्रियट्सचे अकरा चेंडू दोन गेजनी मोजले, अकराही १२.५ च्या खाली भरले. कोल्ट्सचे मात्र चारच चेंडू मोजून झाले, कारण वेळ संपली. पेट्रियट्सच्या चेंडूंत पुन्हा हवा भरण्यात आली. मध्यंतरापर्यंत १७–७ असलेला सामना पेट्रियट्सनी ४५–७ असा जिंकला, आणि १ फेब्रुवारीला सिअ‍ॅटलच्या संघाला २८–२४ असे हरवून अजिंक्यपदही मिळवले.

आता पहिला प्रश्न: हवा कोणी काढली की ती आपोआप उतरली? ज्याने थंडीच्या दिवसांत सकाळी सायकल बाहेर काढली आहे त्याला ट्यूब किंचित बसल्याचा अनुभव असतो. वायू थंड झाला की त्याचा दाब उतरतो. हे गणित कोणालाही करता येईल. गेज दाखवते तो दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब. वातावरणाचा स्वतःचा दाब १४.७ पौंड धरावा. म्हणजे १२.५ चा चेंडू प्रत्यक्षात २७.२ चा झाला. खोलीत सुमारे २२ अंश सेल्सिअस आणि मैदानावर सुमारे ९ अंश, असे तपमान धरले, तर केवळ थंडीने तो २७.२ चा आकडा २६ वर येतो, १४.७ वजा करता गेजवर ११.३ दिसावे. चेंडू आत आणून मोजेपर्यंत थोडे गरम होणार, हे लक्षात घेऊन तपासाच्या अहवालात ११.३२ ते ११.५२ ही अपेक्षित मर्यादा दिली होती. मोजलेल्या अकरा चेंडूंची सरासरी एका गेजवर ११.४९ आली, दुसऱ्यावर ११.११.

म्हणजे एक गेज मानले तर सारा दोष थंडीचा. दुसरे मानले तर काही हवा माणसाने काढलेली! मग सामन्यापूर्वी कोणते गेज वापरले होते? मुख्य पंचाला आठवत होते ते जास्त आकडा दाखवणारे गेज. अहवालाने त्याच्या बाकीच्या आठवणी ग्राह्य धरल्या आणि ही एक आठवण चुकीची ठरवली. सामन्यापूर्वीचे आकडे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. कोल्ट्सच्या चेंडूंतली हवा कमी उतरली, असे अहवाल म्हणतो. परंतु ते चेंडू नंतर मोजले गेले, तोवर ते खोलीत गरम झाले होते, असा आक्षेप अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट ह्या संस्थेच्या अभ्यासकांनी जून २०१५ मध्ये घेतला.

तथापि केवळ भौतिकशास्त्राने हे प्रकरण मिटत नाही. सामन्यापूर्वी चेंडूंची पिशवी घेऊन संघाचा एक नोकर पंचांच्या परवानगीवाचून बाहेर पडला आणि मैदानाच्या वाटेवरील एका शौचकूपात सुमारे एक मिनिट चाळीस सेकंद थांबला. त्याने मागे एका निरोपात स्वतःला ‘हवा काढणारा’ अशा अर्थाचे नाव दिल्याचे आढळले. हा शब्द त्याने वजन कमी करण्याच्या अर्थाने वापरला, असा खुलासा संघाच्या वकिलांनी केला. तो ऐकून पेट्रियट्सचे चाहतेसुद्धा थोडे ओशाळले असतील! संघाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी ह्याने तपासाधिकाऱ्यांच्या भेटीच्या सुमारास आपला जुना फोन नष्ट करविला, हेही पुढे उघड झाले. थोडक्यात, मोजमापाचा पुरावा डळमळीत आणि वागणुकीचा पुरावा संशयास्पद, अशी स्थिती होती.

लीगने नेमलेले वकील टेड वेल्स ह्यांचा २४३ पानांचा अहवाल ६ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. संघाच्या दोन नोकरांनी जाणूनबुजून हवा काढली असण्याचा संभव नसण्यापेक्षा अधिक आहे, आणि ब्रेडीला त्याची निदान सर्वसाधारण कल्पना असावी, असा त्याचा निष्कर्ष. ११ मे रोजी शिक्षा जाहीर झाली: ब्रेडीला चार सामन्यांची बंदी, संघाला दहा लाख डॉलर दंड, शिवाय नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांतील २०१६ ची पहिली आणि २०१७ ची चौथी निवड जप्त. संघाच्या मालकांनी नाराजीने का होईना, ही शिक्षा स्वीकारली. ब्रेडीने स्वीकारली नाही.

येथून चाहत्यांचा वाद रंगला. न्यू इंग्लंडमधील माणूस म्हणे, “उत्तरार्धात चेंडूंत पुरेपूर हवा होती, तरी आम्ही २८ गुण केले आणि त्यांना एकही करू दिला नाही. मग फायदा कसला?” बाहेरचा म्हणे, “ह्याच संघाला २००७ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचे चोरून चित्रण केल्याबद्दल दंड झाला होता. सवयच ती!” पहिला म्हणे, “हा मत्सर.” दुसरा म्हणे, “ही लबाडी.” काही चाहत्यांनी तर गेलेली निवड परत मिळावी म्हणून २०१६ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात दावाही लावला. दोन्हीकडे गणित मांडले जाई. पण गणिताचे उत्तर गाव पाहून ठरे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण काही आपलीच मिरास नव्हे.

वस्तुतः येथे एक वाद नसून तीन होते. कृत्य घडले का, हा पहिला. घडले असल्यास त्याला हीच शिक्षा योग्य का, हा दुसरा. आणि हे कोणी ठरवावे, हा तिसरा. पहिल्या वाक्याचा धागा धरून जो दुसऱ्यावर उडी मारतो, तो वादात कधी हरत नाही आणि कधी जिंकतही नाही. “त्याने अपराध केला” एवढे म्हणून “म्हणून चार सामने” हे सिद्ध होत नाही; तसेच “शिक्षा फार झाली” एवढ्याने “तो निर्दोष आहे” हेही सिद्ध होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचेच पाहा. लीगच्या नियमपुस्तकात चेंडूशी छेडछाड करणाऱ्यास २५,००० डॉलर दंडासह शिक्षा होऊ शकेल, असा उल्लेख होता. खेळाडूंना दिलेल्या दंडांच्या यादीत साहित्याच्या गैरवापराबद्दल रकमा होत्या, बंदी नव्हती. लीगचे कमिशनर रॉजर गुडेल ह्यांनी मात्र तुलना केली ती ताकद वाढवणाऱ्या औषधांशी, जिच्यात तेव्हा पहिल्या अपराधाला चार सामने बंदी असे. हवा कमी असलेला चेंडू आणि बंदी घातलेले औषध हे एका मापाचे अपराध आहेत काय? आम्हाला तसे वाटत नाही.

तिसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. शिक्षा कमिशनरांच्या नावे झाली, आणि तिच्यावरील अपील ऐकले तेही कमिशनरांनीच! २८ जुलै २०१५ रोजी त्यांनी स्वतःची शिक्षा कायम केली. ‘सर्वसाधारण कल्पना होती’ ह्या मूळ आरोपाच्या जागी ब्रेडीने हे कृत्य करवून घेतले, असे आता म्हटले गेले. ३ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कचे न्यायाधीश रिचर्ड बर्मन ह्यांनी शिक्षा रद्द केली. अशा कृत्याला अशी शिक्षा होईल ह्याची खेळाडूला पूर्वसूचना नव्हती, तपासाची कागदपत्रे त्याला दिली गेली नाहीत, तपासात भाग घेणाऱ्या लीगच्या वकिलाची उलटतपासणी करू दिली नाही, ही त्यांची कारणे. पुढे २५ एप्रिल २०१६ रोजी वरच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी शिक्षा पुन्हा कायम केली.

ह्या निकालाचा अर्थ मात्र पुष्कळांनी चुकीचा लावला. पहिला निकाल लागला तेव्हा पेट्रियट्सचे चाहते ‘निर्दोष!’ म्हणून नाचले. दुसरा लागला तेव्हा विरोधक ‘दोषी!’ म्हणून. चेंडूतून हवा काढली की नाही, हे ठरवणे दोन्ही न्यायालयांपुढचे कामच नव्हते. २०११ च्या सामूहिक करारात खेळाडूंच्या संघटनेने कमिशनरला शिस्तभंगाची शिक्षा देण्याचा आणि तिच्यावरील अपील ऐकण्याचाही अधिकार मान्य केला होता. लवादाने दिलेला निवाडा बरोबर की चूक हे न्यायालय पाहत नाही. तो कराराच्या चौकटीत बसतो का, एवढेच पाहते. बहुमताने म्हटले, तो बसतो. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन ह्यांनी विरोधी मत दिले. अपिलात शिक्षेचा आधारच बदलला, आणि अधिक जवळचा अपराध, म्हणजे हाताला चिकट पदार्थ लावणे, तुलनेत घेतला नाही, असे त्यांचे म्हणणे. जुलैत ब्रेडीने लढा सोडला आणि पुढील हंगामात चार सामने बाहेर बसून काढले.

आपण हे दुरून पाहतो म्हणून शहाण्यासारखे बोलतो. पण नोव्हेंबर २००१ आठवावा. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस ह्यांनी सचिन तेंडुलकरला चेंडूच्या स्थितीत फेरफार केल्याबद्दल दोषी ठरवले. ७५ टक्के मानधनाचा दंड आणि एका सामन्याची स्थगित बंदी. मैदानावरील पंचांनी तक्रार केलेली नव्हती. दूरचित्रवाणीच्या दृश्यांवरून हे ठरले. देशभर आग उसळली, आणि दोन्ही देशांच्या मंडळांनी डेनेस ह्यांना पुढच्या सामन्यातून दूर केले, तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाने त्या सामन्याची कसोटी म्हणून नोंदच नाकारली. त्या आरडाओरड्यात आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. चेंडूवरची माती पंचासमक्षच काढावी असा नियम आहे, हे आमच्यापैकी किती जणांनी वाचले होते? ‘पंचाला न विचारता माती काढली’ आणि ‘लबाडी केली’ ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! त्या अंतरावर बोट ठेवले असते, तर सचिनची बाजू अधिक भक्कम झाली असती. आम्ही ते केले नाही. आम्ही पुतळे जाळणाऱ्यांच्या मागे उभे राहिलो.

चाहत्याने निःपक्षपाती व्हावे, असे आम्ही म्हणणार नाही. तसे झाल्यास तो चाहता कसला? मात्र आपल्या संघासाठी त्याने मागावे ते हे: मोजलेला आकडा तेव्हाच लिहून ठेवावा, शिक्षा आधी जाहीर असावी, आणि अपील तिऱ्हाइताने ऐकावे. ह्या तीन मागण्या दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना एकत्र करता येतात, आणि अपराधी असलेल्यालाही त्या नाकारता येत नाहीत. पहिलीचे महत्त्व लीगला कळले. २०१५ च्या हंगामापासून चेंडूंना क्रमांक देऊन दाबाची नोंद होऊ लागली. मात्र त्या वर्षी मध्यंतरात घेतलेल्या मोजण्यांचे आकडे तिने प्रसिद्ध केले नाहीत. २०२० च्या करारात खेळाडूंच्या वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांत पहिला निर्णय दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. अपिलाची किल्ली कमिशनरांच्याच हाती राहिली.

५ फेब्रुवारी २०१७ रोजी ह्यूस्टनमध्ये पेट्रियट्सनी २८–३ अशी पिछाडी भरून काढून अटलांटाला ३४–२८ असे हरवले. विजयचिन्ह द्यायला गुडेल व्यासपीठावर आले, तेव्हा त्यांच्या नावाने हुर्यो उडाली. त्या हुर्योत निव्वळ पक्षप्रेमाचा भाग मोठा होता, ह्यात संशय नाही. पण शिक्षा देणाराच अपील ऐकतो तेथे अपराध्याला झालेली शिक्षासुद्धा अन्यायासारखी दिसते, आणि निरपराध्याला आपण निरपराध होतो हे कधीच दाखवता येत नाही. ब्रेडी त्या दोहोंपैकी कोण होता, हे आज इतक्या वर्षांनीही कोणाला खात्रीने सांगता येत नाही. ह्या सगळ्या प्रकरणातला खरा तोटा हाच.