अर्धी वीत लोकर आणि पिळाची किमया

अल्पाकाच्या अंगावर वर्षभर वाढलेला लोकरीचा एक तंतू बाजूला काढला, तर तो जेमतेम अर्धी वीत भरतो. जाडी माणसाच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. फुंकर मारली की हातातून निसटणारा. अशा लक्षावधी सुट्या तंतूंना कुणी गाठ मारत नाही, गोंद लावत नाही. तरी त्यांचं शेकडो मीटर लांब सूत होतं, सुताचा स्वेटर होतो आणि तो कितीतरी हिवाळे अंगावर टिकतो. मग हे तंतू सुटून का जात नाहीत? अंगावरच्या कपड्याबद्दल हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पडलाच, तर त्याचं उत्तर शोधायला दक्षिण अमेरिकेतल्या आंदीज पर्वतासारखी जागा नाही.

जगातले बहुतेक अल्पाका पेरू देशात आहेत, पस्तीस लाखांच्या वर. त्यांचं घर म्हणजे साडेतीन ते पाच हजार मीटर उंचीवरची गवताळ पठारं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं, यावरून अंदाज यावा. तिथे शेती जवळजवळ होतच नाही. दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री पाणी गोठतं. हवा इतकी विरळ की पाहुण्याला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. अल्पाकाला लागत नाही. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि त्याचं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडतं.

हा प्राणी उंटाचा चुलतभाऊ. उंटाचं कूळ मुळात उत्तर अमेरिकेतलं. तिथून काही जण आशियाकडे गेले, काही सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरले आणि मूळ घरात मात्र कुणीच उरलं नाही. दक्षिणेतल्यांपैकी विकुन्या नावाचा हरणासारखा सडपातळ रानटी प्राणी माणसाने सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवला, त्याचा अल्पाका झाला. पेरूमधल्या तेलारमाचाय इथल्या खडकाच्या आसऱ्याखाली सापडलेल्या हाडांवरून ही गोष्ट उलगडत गेली. अल्पाकाचा पूर्वज विकुन्या की दुसरा रानटी भाऊ ग्वानाको, हा वाद बरीच वर्षं चालला. २००१ मध्ये जनुकांच्या तपासणीने विकुन्याच्या बाजूने कौल दिला.

तिथल्या एखाद्या कुटुंबाच्या कळपात दिवस कसा जातो ते पाहण्यासारखं आहे. सकाळी जनावरं पाणथळ कुरणांकडे निघतात. ही कुरणं निव्वळ निसर्गाने दिलेली नसतात. झऱ्याचं पाणी छोट्या चरांनी फिरवून, पसरवून, घरातली माणसं ती पिढ्यानपिढ्या ओली ठेवतात. अल्पाकाच्या पायाला खूर नसून दोन बोटं आणि खाली मऊ गादी असते, त्यामुळे ओली जमीन तुडवली तरी तिची चाळण होत नाही. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने तो गवत उपटत नाही, कुरतडतो. सगळा कळप शेण टाकायला ठरलेल्या जागीच जातो. जिथे झाडच नाही तिथे वाळलेल्या लेंड्या हेच सरपण. ते आयतं एका ढिगात मिळतं, यासारखी सोय नाही.

माझा जीव जडला तो त्यांच्या बाळंतपणावर. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा सकाळी ते दुपारच्या आत विते. कारण उघड आहे. पिलू ओलं जन्मतं आणि आई त्याला चाटत नाही. उंटाच्या कुळात जीभ तेवढी बाहेर येतच नाही. गाय वासराला चाटून कोरडं करते, इथे ते काम ऊन आणि वारा करतात. संध्याकाळी जन्मलेलं पिलू रात्रीच्या गारठ्यात टिकणं कठीण. तरीही एखाद्या वर्षी अवेळी थंडीची लाट येते आणि पिलं दगावतात. त्या घराचं पुढच्या कित्येक वर्षांचं उत्पन्न एका रात्रीत जातं. डोंगरातल्या लोकांची समजूत अशी की अल्पाका ही झऱ्यांतून, तळ्यांतून वर आलेली देवाघरची उसनवारी आहे. नीट सांभाळली नाही तर ती परत जाईल. म्हणून ठरलेल्या सणाला जनावरांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात आणि धरतीमातेला, म्हणजे पाचामामाला, नैवेद्य दाखवतात.

पावसाळ्याच्या दिवसांत लोकर कातरली जाते. एका जनावराची दोन-तीन किलो. तिचे ढीग आरेकिपा शहरात पोचले की प्रतवारीच्या टेबलांशी बायका बसलेल्या असतात. मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हिशेब त्या बोटांनी करतात. चिमूट उचलायची, अंगठ्याने चाचपायची आणि योग्य ढिगात टाकायची, हे दिवसभर. २३ मायक्रॉनपर्यंतची लोकर ‘बेबी’ म्हणून गणली जाते. तिचा पिलाशी संबंध असेलच असं नाही, मोठ्या जनावराची तलम लोकरही ‘बेबी’च. एकतीस-साडेएकतीसच्या पुढची जाडीभरडी. तीस मायक्रॉनच्या वरचा तंतू कातडीवर टेकला की वाकत नाही, मज्जातंतूंना टोचतो. घोंगडी उघड्या अंगाला का खाजते, त्याचं उत्तर हेच. तलम तंतू वाकतो, म्हणून मऊ लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली मेंढीच्या लोकरीवर खवले दिसतात. अल्पाकाच्या तंतूवरही असतात, पण चपटे, अंगासरशी बसलेले. शिवाय मेंढीच्या लोकरीतला तेलकट चिकटपणा इथे जवळजवळ नसतो. त्यामुळे स्पर्श रेशमी होतो, आणि नेमकी पंचाईतही तिथेच होते. गुळगुळीत तंतू एकमेकांना धरणार कसे?

देवघरातला कापूस घ्या. दोन बोटांत पकडून हलकेच ओढलात तर तो सुटून येतो, जोर लागतच नाही. आता तोच कापूस मांडीवर घासून त्याची वात वळा आणि ओढून पाहा. कापूस तोच, बोटं तीच, पण आता तुटेस्तोवर दम निघतो. मध्ये आला फक्त पीळ. पिळामुळे बाहेरचे तंतू आतल्यांभोवती मळसूत्रासारखे गुंडाळले जातात. धागा ओढला की हे वेढे आत दाबतात. दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे ज्या ताणाने धागा तुटायला हवा, तोच ताण त्याला आवळून धरतो. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट! आखूड तंतूंचा लांब दोर कसा टिकतो, या प्रश्नाने गॅलिलिओलाही विचारात पाडलं होतं. १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याने त्याची चर्चा केली आहे. पुरता हिशेब मात्र फार उशिरा लागला. २०१८ मध्ये पॅट्रिक वॉरन, रॉबिन बॉल आणि रेमंड गोल्डस्टीन या ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं की घर्षण एका मर्यादेच्या खाली असेल तर तंतू घसरत सुटतात. मर्यादा ओलांडली की एकेकट्या तंतूचा ताण शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला जातो आणि सगळा धागा एकजीव होतो. अर्ध्या वितीच्या तंतूंनी तयार झालेली, मुंबईहून पुण्याला पोचेल एवढी सलग सुताची लडी त्यामुळे शक्य होते.

आंदीजमधल्या आयाबायांनी हे गणित न मांडता वापरलं. त्यांची टकळी, तिला तिकडे ‘पुष्का’ म्हणतात, म्हणजे एक काडी आणि तिच्या बुडाशी लाकडाची चकती. डाव्या हाताला पिंजलेली लोकर गुंडाळलेली, उजव्या हाताने काडीला झटका दिलेला, टकळी गरगरत खाली उतरते आणि बोटांमधून सूत निघत जातं. हे काम बसून करायचं अशी सक्ती नाही. कळपामागे चालताना, बाजाराच्या वाटेवर, शेजारणीशी गप्पा मारताना टकळी फिरतच असते. अल्पाकाची लोकर निसरडी, म्हणून पीळ जास्त द्यावा लागतो. त्यांचं सूत हाताला तारेसारखं कडक लागतं ते यामुळे.

एकेरी सूत मात्र अडेलतट्टू. सैल सोडलं की स्वतःभोवती वळतं, त्याला पिळाचा ताण सोडवायचा असतो. मग दोन सुतं घेऊन उलट्या दिशेने एकत्र पिळतात. दोघांचा सुटायचा जोर एकमेकांवर पडतो आणि दुपदरी धागा शांत होतो. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ असं आपण हटवादी माणसाला म्हणतो. दोराच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे, कारण एकदा भिजवून, वाळवून बसलेला पीळ तंतूच्या अंगात मुरतो. नेहमीच्या उलट दिशेने कातलेल्या सुताला आंदीजमध्ये ‘ल्योके’ म्हणतात. ते अरिष्ट टाळतं अशी श्रद्धा आहे, म्हणून कापडाच्या कडेला ते घालतात. गंमत म्हणजे त्याचा व्यावहारिक फायदाही होतो: उलटसुलट पिळाची सुतं शेजारी आली की कापडाची कड मुडपत नाही.

हाच पीळ तिथे माणसांनाही पेलतो. कुस्को प्रांतात आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा सुमारे २८ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, आणि तो निव्वळ गवताचा आहे. गवताच्या काड्या तळहातांत वळून दोरी, दोऱ्यांचा दोर, दोरांचे जाडजूड सोल करत आजूबाजूची गावं दरवर्षी जूनमध्ये तो नव्याने बांधतात. २०१३ मध्ये युनेस्कोने ही विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. वात वळणाऱ्या आजीला त्यातलं निम्मं तंत्र ठाऊक आहे.

हातमागाची परंपरा तिकडे हजारो वर्षांची. पाराकासच्या वाळवंटातल्या थडग्यांत सापडलेली दोन हजार वर्षांपूर्वीची भरतकामाची वस्त्रं अजून रंग धरून आहेत. सुयांवरचं विणकाम मात्र १५३२ नंतर स्पॅनिश लोकांबरोबर आलं. ते आंदीजमध्ये असं काही रुजलं की आता तिथलंच वाटतं. तितिकाका सरोवरात, ३,८०० मीटरहून उंचावर, ताकिले नावाचं बेट आहे. तिथे बायका माग चालवतात आणि विणकाम पुरुष करतात. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की सुया हातात येतात. चालता चालता विणतात, पंचायतीत बसून विणतात. धागा मानेभोवतून घेतलेला असतो, मानच ताण सांभाळते, आणि नक्षीची टोपी आतल्या बाजूने, उलट्या टाक्यांनी विणली जाते, म्हणजे अंगठ्याच्या एका हलक्या धक्क्यात टाका पडतो. कानटोपीला ‘चुल्यो’ म्हणतात. पांढऱ्या शेंड्याची टोपी दिसली की गडी अविवाहित, सगळी लाल असेल तर संसारी. लग्नाळू मुलाने इतकी घट्ट टोपी विणावी की तिच्यात पाणी ठरेल, आणि ती परीक्षा सासऱ्याने घ्यावी, असं बेटावर सांगतात. स्थळ पाहायची ही पद्धत पत्रिकेपेक्षा भरवशाची वाटते.

विणकामाचं मर्म फासात आहे. मागावरचं सूत सरळ जातं, म्हणून कापड ताणत नाही. विणलेल्या कापडात एकच धागा फासातून फास काढत पुढे जातो. ओढलं की धागा तसाच राहतो, फासांचा आकार मात्र बदलतो, म्हणून मोजा टाचेवरून चढतो. परत जागेवर यायला मात्र तंतूत स्प्रिंगसारखा कुरळेपणा लागतो. मेंढीच्या लोकरीत तो भरपूर, अल्पाकात कमी. निव्वळ अल्पाकाचा स्वेटर म्हणूनच स्वतःच्या वजनाने लोंबत जातो. जाणत्या विणणाऱ्या त्यात थोडी मेंढीची लोकर मिसळतात आणि बॉर्डर घट्ट घेतात.

या लोकरीची आपल्याकडेही एक जुनी ओळख आहे. इंग्लंडमध्ये टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीवाल्याने १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदीत पडून असलेले अल्पाकाचे गठ्ठे उचलले, सुती ताण्यावर त्यांचं चकचकीत कापड काढलं आणि त्या पैशांतून १८५३ मध्ये एक प्रचंड गिरणी सुरू केली. भोवती सॉल्टेअर हे कामगारांचं आखलेलं गाव वसवलं. हलकं, धूळ झटकणारं हे कापड उष्ण मुलखाला सोयीचं पडलं. वकील आणि कारकून मंडळींच्या अंगावरचा काळा आल्पाकाचा कोट तो हाच.

गिरण्यांच्या मागणीने कळपही बदलला. पांढऱ्या लोकरीला हवा तो रंग देता येतो, म्हणून पांढरी जनावरं वाढली आणि काळी, तपकिरी, राखाडी मागे पडली. दलाल अनेकदा प्रत न बघता वजनावर भाव देतात, मग तलम लोकर राखण्याचं कष्टाचं काम कुणी का करावं? दक्षिण पेरूत एल याराल इथे हजारएक वर्षांपूर्वीचे वाळून टिकलेले अल्पाका सापडले. त्यांची लोकर आजच्या बऱ्याच कळपांपेक्षा तलम आणि एकसारखी निघाली. हजार वर्षांत आपण पुढे आलो असं निदान इथे तरी म्हणवत नाही. कुस्कोमध्ये निल्दा कायान्याउपा आल्वारेस यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या पारंपरिक वस्त्रकेंद्रासारखे प्रयत्न म्हणून मोलाचे. तिथे कातणाऱ्या-विणणाऱ्या बाईला तिच्या कामाचा मोबदला मिळतो, आणि कोचिनील किड्यापासूनचा लाल रंग लिंबाच्या रसाने कसा उजळतो हे नव्या मुलींना शिकवलं जातं.

पेरूला जाणाऱ्याला किंवा परदेशातल्या लेकाकडून मागवणाऱ्याला एक सूचना. पर्यटकांच्या बाजारात ‘बेबी अल्पाका’ म्हणून अ‍ॅक्रिलिक सर्रास खपवतात. तिकडचे लोकच त्याला ‘मेबी अल्पाका’ म्हणून हसतात. शिवणीतला एखादा सुटा धागा मिळाला तर काडी लावून पाहा: खरी लोकर केस जळल्यासारखा वास मारते आणि चुरगळली की राख होते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. आणि खरा स्वेटर मिळालाच, तर गार पाण्यात धुवा, पिळू नका, सपाट पसरून वाळवा आणि घडी घालूनच कपाटात ठेवा. हँगरला टांगलात तर पुढच्या थंडीत तो गुडघ्यापर्यंत येईल.