चिठ्ठी निघाली आणि कारण सापडलं

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर मेट्रो कस्तुरचंद पार्कच्या पुढे ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावू लागली. इंदोरा चौक आणि नारी रोड ही स्टेशनं जरीपटक्याच्या हाकेच्या अंतरावर आली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला, दुकानदारीवर उभा राहिलेला हा भाग. समजा, इथल्या एखाद्या दुकानाचा गल्ला मेट्रो आल्यावर वाढला. तो मेट्रोमुळे वाढला का?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यानं भल्याभल्या गणित्यांना घाम फोडला आहे. तेव्हाच करोनाचं सावट सरत होतं, लग्नसराई जोरात होती, भावही चढले होते. खात्रीचं उत्तर हवं असेल तर त्याच काळातला, त्याच माणसांचा, पण मेट्रो नसलेला जरीपटका बघायला हवा. तो कुठेच नाही आणि कधीच नव्हता. तरीही त्याचा हिशेब मांडता येतो! मला ही माणसाच्या बुद्धीची एक विलक्षण झेप वाटते. २०२१चं अर्थशास्त्राचं नोबेल डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स या तिघांना मिळालं. त्यांतल्या अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांचा गौरव तर थेट कार्यकारणाचा माग काढण्याच्या पद्धतींसाठी झाला.

या विचाराचं मूळ शेतात आहे. १९२३ मध्ये पोलंडचे संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी मांडलं की एका वाफ्यात प्रत्येक वाणाचं काही ना काही उत्पन्न आलं असतं, पण एका हंगामात त्या वाफ्यात एकच वाण पेरता येतो. बाकीची उत्पन्नं कायमची अदृश्य राहतात. मग कोणत्या वाफ्यात काय पेरायचं हे नशिबावर सोडा. असे पुष्कळ वाफे घेतले की न पेरलेल्याचा सरासरी अंदाज पेरलेल्यावरून बांधता येतो. पुढे नेमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांमध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. त्यांनी वि. गो. पानसे यांच्यासोबत लिहिलेला, १९५४ मध्ये निघालेला संख्याशास्त्राचा ग्रंथ कृषी महाविद्यालयांत आजही नुसता ‘पानसे-सुखात्मे’ म्हणून ओळखला जातो.

शेतात वाफे वाटता येतात. माणसांच्या जगात अशी वाटणी कोण करणार? कधी कधी ती सरकारच करतं, आणि तीही प्रयोगाचा विचार मनात नसताना.

महापालिका निवडणुकीआधी आरक्षणाची सोडत निघते. बहुतेक वेळा शाळेतल्या मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढल्या जातात. सभागृहात बसलेल्या इच्छुकांचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि एका चिठ्ठीनं वॉर्ड महिलांसाठी राखीव होऊन जातो. राजकारण्यांना हे जुगारासारखं वाटतं. पण संशोधकाच्या हाती यातून सोनं लागतं, कारण त्या मुलाच्या हाताला वॉर्ड पुढारलेला आहे की मागासलेला, हे ठाऊक नसतं.

राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुकांत नेमकं हेच हेरलं. १९९७ मध्ये काही वॉर्ड चिठ्ठीनं महिलांसाठी राखीव झाले. २००२ मध्ये त्यांतले काही पुन्हा खुले झाले. आरक्षण उठल्यावर बायका निवडून येतात का, की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं? त्यांनी हे वॉर्ड दोन्ही वेळा खुल्या राहिलेल्या वॉर्डांशी ताडून पाहिले. आधी राखीव असलेल्या वॉर्डात स्त्री निवडून येण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या सुमारे पाचपट निघाली! हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ते वॉर्ड आधीपासूनच सुधारलेले होते’ असा आक्षेप इथे टिकत नाही, कारण निवड चिठ्ठीनं केली होती. असं का झालं, याचे संकेतही त्यांना दिसले: एकदा निवडून आलेल्या काही जणी पुन्हा लढल्या आणि जिंकल्या, आणि बाई निवडून येऊ शकते हे पक्षांनाही उमगलं. या कारणांबद्दल मात्र त्यांनी जपूनच दावा केला आहे, आणि मला तो संयम फार मोलाचा वाटतो.

नागपुरात असाच अभ्यास करायचा तर अडचण येईल. २०१७च्या निवडणुकीपासून इथे चार-चार नगरसेवकांचे प्रभाग आहेत आणि निम्म्या जागा महिलांच्या. जरीपटक्याचा प्रभाग घ्या किंवा दुसरा कुठलाही, महिला आरक्षण नसलेला प्रभागच उरत नाही. मग तुलना कशाशी करायची?

आणि चिठ्ठीच नसेल तर? त्याचं उत्तर नागपूरहून चार तासांच्या वाटेवर, गडचिरोलीत मिळालं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाईला बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा होती. तिथे फक्त जन्म-मृत्यूची चोख नोंद ठेवली.

सुरुवातीला प्रयोगाच्या गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बाळं दगावत होती आणि तुलनेच्या गावांत ५८. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी पहिला आकडा २५च्या आसपास उतरला. एवढ्यावर थांबलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, काळच बदलला, रस्ते झाले, पीकपाणी बरं आलं. पण दुसऱ्या गावांचा आकडा ६०च्या घरातच होता. काळ तर दोन्हीकडे सारखाच गेला होता! आधी प्रत्येक गटातला बदल काढायचा, मग दोन बदलांतली तफावत घ्यायची. गट सुरुवातीला तंतोतंत सारखे नसले तरी हा हिशेब चालतो. अट एकच: उपाय केला नसता तर दोन्हीकडची वाटचाल सारखीच झाली असती, असं मानायला आधार हवा. अर्थमितीत याला ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’ म्हणतात. न घडलेली गोष्ट इथे दुसऱ्या गावांच्या नोंदवहीतून वाचता येते.

मेट्रोच्या प्रश्नालाही हीच वाट आहे, पण ती जास्त निसरडी. स्टेशनं चिठ्ठ्या टाकून ठरत नाहीत. जिथे वर्दळ असते किंवा वाढणार असते तिथेच ती येतात. म्हणून जरीपटक्याच्या जोडीला, मेट्रो येण्याआधी कित्येक वर्षं त्याच चालीनं वाढत आलेला, पण स्टेशनापासून दूर असलेला बाजार शोधावा लागेल, आणि दोन्हीकडची जुनी खातीही हाती लागायला हवीत.

गडचिरोलीचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या कामात घातलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळ घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही.