कंपनी बंद पडली, तर हातात काय उरतं?

काडेपेटीएवढं यंत्र, छातीशी कपड्याला चुंबकाने अडकवायचं. त्याला पडदा नाही. तळहात पुढे धरला की त्यावर हिरव्या लेझरने अक्षरं उमटायची. बाकी सगळा कारभार बोलून. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ह्युमेन’ या स्टार्टअपने नोव्हेंबर २०२३मध्ये ही ‘एआय पिन’ जाहीर केली, तेव्हा स्मार्टफोनचे दिवस भरले अशी चर्चा रंगली होती. इम्रान चौधरी आणि बेथनी बॉन्जोर्नो हे संस्थापक दाम्पत्य अ‍ॅपलमध्ये मुरलेलं, पाठीशी गुंतवणूकदारांचे तेवीस कोटींच्या घरातले डॉलर. किंमत ६९९ डॉलर, वर दरमहा २४ डॉलरची वर्गणी.

एप्रिल २०२४मध्ये पिन लोकांच्या हातात पडली आणि समीक्षकांनी तिच्यावर सडकून टीका केली. उत्तर यायला वेळ लागे, आलेलं उत्तर चुके, यंत्र तापे, उन्हात तळहातावरची अक्षरं दिसत नसत. पुढे चार्जिंगची डबी पेट घेण्याच्या धोक्यामुळे परत मागवावी लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये एचपीने कंपनीचा बराचसा भाग ११.६ कोटी डॉलरना घेतला. पिन मात्र बंद करण्यात आली. २८ फेब्रुवारीला सर्व्हर थांबले. फोन, संदेश, प्रश्नोत्तरं, सगळं ठप्प. ग्राहकांना जेमतेम दहा दिवस आधी कळलं की आपले फोटो उतरवून घ्या, नंतर ते पुसले जातील. पैसे परत मिळाले ते फक्त ज्यांची पिन पाठवून ९० दिवस उलटले नव्हते त्यांना. इंटरनेटशिवाय काय चालू राहील, याचं कंपनीने दिलेलं उदाहरण होतं बॅटरी किती उरली ते पाहणं.

कल्पना फसली म्हणून कुणाला दोष देऊ नये; फसण्याची तयारी नसेल तर नवं काही घडणारच नाही. चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. लोकांनी रोख मोजून घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या सर्व्हरच्या श्वासावर जगत होती. म्हणून नवं अ‍ॅप किंवा यंत्र समोर आलं की गुंतवणूक किती आली, संस्थापक कोण, हे नंतर बघावं. आधी विचारावं, ही कंपनी उद्या बंद पडली तर माझ्या हातात काय उरेल?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर २०२४मध्येच दिसलं. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले. १५ मार्चनंतर त्या बँकेच्या फास्टॅगमध्ये पैसे भरता येईनात, त्यामुळे शिल्लक संपली की टोलसाठी दुसऱ्या बँकेचा टॅग घेणं भाग होतं. पेटीएमचं यूपीआय मात्र थांबलं नाही. स्टेट बँकेसह चार बँकांमार्फत ते चालू राहिलं. कारण २०१६मध्ये सुरू झालेलं यूपीआय कुणा एका अ‍ॅपच्या मालकीचं नाही. पैसे असतात तुमच्या बँक खात्यात, अ‍ॅप बदलता येतं.

एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोका मराठी छपाईच्या धंद्यातल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, तरी डीटीपीवाले पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये मजकूर जुळवत राहिले. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडा. कथेच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टर लावला तरी जोडाक्षरं आणि रफार तपासत ओळ न् ओळ वाचावीच लागते.

याउलट व्हिडिओ चालवणारा व्हीएलसी प्लेयर बघा. १९९६मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २००१मध्ये सर्वांसाठी खुला झाला. आज तो ना-नफा संस्था सांभाळते. जाहिरात नाही, खातं उघडणं नाही. लग्नाच्या जुन्या सीडीतली फाइल तो निमूट चालवतो.

सोसायटीचा हिशेब, दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदी, क्लासची फी, काहीही नव्या अ‍ॅपवर नेण्याआधी चार खोट्या नोंदी भरा. मग त्या एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून बघा. तारखा, रकमा आणि मराठी नावं जशीच्या तशी आली, तरच खऱ्या नोंदी भरायला घ्या. बाहेर काढायची सोयच नसेल किंवा तिच्यासाठी कंपनीला ईमेल करावा लागत असेल, तर सध्याची एक्सेल शीटच चालू ठेवा.