बाथरूमची ओल आणि माझे १२ हजार रुपये

आजचा विषय ऐकायला बोअरिंग वाटेल, पण याच विषयाने माझ्या डिपॉझिटमधले १२ हजार रुपये खाल्ले.

झालं असं, पुण्यात आम्ही तिघे मित्र एका टू बीएचकेमध्ये भाड्याने राहायचो. माझं कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून. पहिल्या पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास, दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर काळी बुरशी आणि रंगाचे पोपडे. घर सोडताना मालक काका म्हणाले, "तुम्ही मुलं खिडक्याच उघडत नाही. रंगाचे पैसे कापणार." मला उत्तरच देता आलं नाही, कारण ओल कुठून आली हे मलाच माहीत नव्हतं.

ओल मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. एक, आंघोळीची वाफ गार भिंतीवर बसून. दोन, भिंतीच्या आतून, म्हणजे गळका पाइप, टाइल्सचे उघडे सांधे किंवा नहाणी ट्रॅप. पहिली आपल्या सवयीने कमी होते. दुसरी कितीही खिडक्या उघडल्या तरी जात नाही, ती मालकाने दुरुस्त करायची.

ओळखायचं कसं? ओलसर जागा पुसून कोरडी करा. किचनमधल्या अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून तिथे चिकटवा. एक दिवस थांबा. फॉइलवर बाहेरून थेंब दिसले तर ओल हवेतली. फॉइलच्या मागे ओलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

आता वाफेचं गणित. ३२ अंशांची वाफेने भरलेली हवा दर घनमीटरला साधारण ३४ ग्रॅम पाणी धरते. पुण्यात जुलैमध्ये बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली, तरी तिथल्या हवेत २० ग्रॅमच्या आसपासच पाणी असतं. म्हणून "बाहेर पाऊस आहे, फॅन लावून काय उपयोग?" हे चूक. उपयोग आहेच.

फॅन किती वेळ? ५ बाय ७ फुटांचं, ९ फूट उंच बाथरूम म्हणजे ३१५ घनफूट हवा. अमेरिकेतलं अॅश्रे मानक बाथरूमच्या फॅनला मिनिटाला किमान ५० घनफूट मागतं. म्हणजे सव्वासहा मिनिटांत काम झालं? नाही ना! नवी हवा जुन्या हवेत मिसळत राहते, त्यामुळे एका फेरीनंतरही साधारण ३७ टक्के वाफ उरते. तीन फेऱ्यांनंतर ५ टक्के. म्हणून आंघोळीनंतर २० मिनिटं फॅन चालू ठेवा. ३० वॅटचा फॅन रोज दोनदा असा चालवला तरी महिन्याला एक युनिटही जळत नाही.

एक गोष्ट आपण सगळे विसरतो. फॅनने हवा बाहेर टाकायची तर आत यायला वाट हवी. दाराखाली बोटभर फट ठेवा. फॅनच्या जाळीपुढे टिश्यू धरा; चिकटून राहिला तर फॅन ओढतोय. पडला तर जाळीतली धूळ काढा, किंवा मागची डक्ट तुंबली आहे का बघा.

घर बघायला जाल तेव्हा बाथरूमची खिडकी बघाच. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार बाथरूमला बाहेरच्या हवेत उघडणारी किमान ०.३ चौरस मीटरची जागा लागते, म्हणजे साधारण दोन फूट बाय दीड फूट. पलंग, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. राहायला जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून काकांना व्हॉट्सअॅप करा. गळतीची दुरुस्ती कोणाकडे, हे ११ महिन्यांच्या अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

आत्ताच्या घरातही ओल आली. यावेळी फॉइल मागून ओलं निघालं. मी फोटो पाठवला, या काकांनी प्लंबर पाठवला, सांधे भरले, भिंत वाळली. माझा एक रुपयाही गेला नाही.

तुमच्या रूममेटला हा एपिसोड पाठवा, विशेषतः जो आंघोळ झाली की लगेच फॅन बंद करतो त्याला. भेटू पुढच्या आठवड्यात!