कल्पनालाघव आणि माकडताप



संकटाचे स्पष्टीकरण सोपे असावे की गुंतागुंतीचे, हा प्रश्न पंडितांच्या सभेत शोभणारा वाटतो. आज मी तो आपल्या काजूच्या बागायतीत नेणार आहे. त्याआधी मात्र आपल्या नैयायिकांच्या दोन संज्ञा सांगणे अवश्य आहे : लाघव आणि गौरव. एकाच गोष्टीची दोन स्पष्टीकरणे शक्य असतील, तर ज्यात कमी गृहीते लागतात ते ग्राह्य धरावे, हे लाघव. विनाकारण अधिक कल्पना कराव्या लागणे म्हणजे गौरव, म्हणजे जडपणा, आणि तो दोष. (निवृत्त प्राध्यापकांचे गौरवसमारंभ होतात तेव्हा हा मूळ अर्थ आठवून मला हसू येते.) चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या ऑकमच्या विल्यमचे नाव ज्या नियमाला चिकटले, तोही याच जातीचा. पण आपल्या नैयायिकांनी एक पुस्ती जोडली, तिचा विसर पडतो : जे गौरव प्रमाणाने सिद्ध झाले, ते दोष नव्हे.

आता बागायतीकडे वळू. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावी माकडतापाची साथ आली. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावी आणि त्यानंतरच्या वर्षी बांद्याच्या परिसरात ती दिसली. इब्रामपूरच्या माणसाला ही नावे परकी नाहीत. सीमा कागदावर असते, जंगल एकच असते. तीव्र ताप, डोके व अंग ठणकणे, काहींना रक्तस्राव; शंभर रुग्णांमागे साधारण ३ ते ५ दगावतात.

रोगाला नाव मिळाले माकडताप, आणि त्या नावातच एक स्पष्टीकरण दडलेले आहे. आधी माकडे मरतात, मग माणसे आजारी पडतात. म्हणजे माकड ताप देते. याहून लाघव ते कोणते? पण या लाघवाची किंमत पाहा. माकडाला हुसकावा, मारा, असे कोणी म्हणू लागतो. ज्याने माकड पाहिलेच नाही तो स्वतःला सुरक्षित समजून डॉक्टरकडे उशिरा जातो. उलट, मेलेल्या वानराला मारुतीचे रूप मानणारे भाविक त्याला उचलून सन्मानाने पुरतात. आणि खरा धोका तर त्या देहाभोवतीच दबा धरून असतो.

हा रोग प्रथम ओळखला गेला तो १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. रुग्णांना विषमज्वर असावा असे वाटले. माकडे मरतात म्हटल्यावर, भारतात कधीच न आढळलेल्या पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला, तेव्हा तो रशियातल्या एका मेंदुज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. मग विद्वानांची कल्पना थेट सायबेरियापर्यंत उडाली : हिवाळ्यात येणारे पक्षी तर हा रोग आणत नसतील? जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५९ पासून सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी त्यातून अमोल माहिती मिळाली. पक्ष्यांवरचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. म्हणजे स्पष्टीकरण लांबलचक आणि विद्वत्तापूर्ण असले म्हणून ते खरे ठरत नाही.

खरा वाहक पायाखाली होता : गोचीड. तिचे पिल्लू तिळाएवढे, पातेऱ्यात बसलेले. ते उंदीर-घुशींचे रक्त पिते, माकडाचे पिते, माणसाचेही पिते. माकड माणसासारखेच या रोगाचे बळी. ते मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपास पसरतात. रानात चरणारी गुरे या रोगाने आजारी पडत नाहीत, पण मोठ्या गोचिडींना पोसतात आणि त्यांची संख्या वाढवतात. जंगल तोडून शेती-बागायत झाली, गुरे रानाच्या कडेला चरू लागली, आणि माणूस, गुरे, माकड, गोचीड यांच्या वाटा एकमेकींत मिसळल्या. माकडे तर पिढ्यान्‌पिढ्या इथेच होती. मग ताप आताच का? ‘माकड’ हे एका शब्दाचे उत्तर या प्रश्नापुढे मुके होते; ही लांब साखळी बोलू लागते. नैयायिकांच्या भाषेत हे प्रामाणिक गौरव.

तुम्ही म्हणाल, पहाटे बोंडे गोळा करायला निघालेल्या बाईला ही साखळी ऐकवून काय उपयोग? तिला सांगायचे ते थोडकेच आहे. अंगभर कपडे घाल, गोचीड दूर ठेवणारे तेल लाव, घरी येताच गरम पाण्याने आंघोळ कर आणि कपडे गरम पाण्यात टाक, पातेऱ्यात बसू नको, मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळव. हे सोपे आहेच. पण ही सूचना त्या लांब साखळीतून गाळून आलेली आहे. ‘माकड’ या एका शब्दातून ती कधीच निघाली नसती.

आणि एक अनुभव शिक्षकाला हटकून येतो : कारण न सांगता दिलेली सूचना फार दिवस टिकत नाही. मार्च-एप्रिलचा उकाडा, तेलाने अंग चिकट होते. यंदा माकड मेल्याचे ऐकिवात नाही. ‘मगे तेल कशाक?’ असे ती विचारणारच, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर साखळीतच आहे. रोगाची लागण झालेले गोचिडीचे पिल्लू कात टाकून पुढच्या अवस्थेत गेले तरी विषाणू त्याच्या अंगात राहतो. गेल्या साली मेलेल्या माकडाची गोचीड यंदाच्या पातेऱ्यात असू शकते. कर्नाटकात अनेक वर्षे दिली जाणारी लस पुरेशी प्रभावी नाही म्हणून २०२२ मध्ये थांबवण्यात आली. तेव्हा तेल, कपडे आणि गरम पाणी यांवरच भिस्त आहे. एवढे चार शब्द जास्तीचे सांगायला बागायतीच्या वाटेवर पाच मिनिटे पुरतात.