स्मृतिभ्रंशाच्या निदानात मेंदूचे चित्रण
‘वय झाले, विसर पडायचाच’ असे म्हणून ज्येष्ठांच्या वाढत्या विस्मरणाकडे दुर्लक्ष करू नये. सीटी स्कॅन वा एमआरआयमध्ये कवटीखाली साकळलेले रक्त, गाठ किंवा मेंदूत साचलेले पाणी आढळू शकते. अशी कारणे अनेकदा उपचारसाध्य असतात. अल्झायमरमध्ये स्मृतीशी निगडित ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग बहुधा आकसलेला दिसतो. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदूत पाहिलेले साठे आता विशेष पेट स्कॅनद्वारे जिवंतपणीच दिसू शकतात. तथापि असे साठे काही निरोगी वृद्धांतही आढळतात. म्हणून केवळ चित्रावरून निदान होत नाही. वैद्यकीय तपासणी, स्मृतिचाचण्या आणि कुटुंबीयांनी सांगितलेली हकीकत तितकीच मोलाची ठरते.