झाड नको, ओळ सांगा

धुळ्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टला स्वतःच्याच मेथडमधून आपल्या जागी नवा ऑब्जेक्ट बसवता येतो का? तिने ‘धिस’ बरोबर नवा ऑब्जेक्ट, असं सरळ लिहून पाहिलं. ती एक ओळच काय, अख्खा प्रोग्रॅमच सुरू होईना.

रावेर-यावलच्या बागांत मात्र हे दरसाल घडतं. केळीचं खोड एकदाच घड देतं. घड उतरला की खोड कापायचं. त्याच कंदातून फुटलेलं, मुद्दाम राखलेलं पील पुढचं झाड होतं. पिलबाग म्हणतात ती हीच. पील वीतभर सरकलेलं असतं, पण ठिबकचं पाणी आधी पडत होतं तिथेच पडतं आणि तेच नव्या झाडाला मिळतं. नळी जागेला बांधलेली आहे, झाडाला नाही.

जावास्क्रिप्टमध्ये नळी थेट झाडाला बांधलेली असते. ‘धिस’ बदलता आलं असतं, तरी तो बदल त्या मेथडपुरताच; बाहेर दहा ठिकाणी धरून ठेवलेला ऑब्जेक्ट जुनाच राहिला असता.

स्मॉलटॉक भाषेत मात्र हे जमायचं. तिथे ‘बिकम’ असा संदेशच होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या या भाषेचं नाव निघालं की सगळे अ‍ॅलन के यांना आठवतात. पण ऑक्टोबर १९७२ मध्ये ती पहिल्यांदा चालवून दाखवली डॅन इंगल्स यांनी, तीही बेसिकमध्ये लिहून! माझ्या मते त्यांचं नाव आधी घ्यायला हवं. पुढे स्मॉलटॉक-८० मध्ये ऑब्जेक्टचा खरा पत्ता कुणालाच देत नसत. सगळ्यांकडे एका तक्त्यातला क्रमांक असे. ‘तिसऱ्या ओळीतलं सातवं झाड’, एवढंच. तक्त्यातल्या दोन नोंदी अदलाबदल केल्या की काम झालं. नंतर वेगासाठी बऱ्याच ठिकाणी तक्ता गेला, आणि ‘बिकम’साठी सगळी मेमरी चाळायची वेळ आली. याच इंगल्स यांनी पुढे सन कंपनीत लाइव्हली कर्नल नावाची प्रणाली उभारली, तीही जावास्क्रिप्टमध्ये.

तर, ताई, तक्ता आपणच करायचा. बाहेरच्यांना एक पातळ वेष्टण-ऑब्जेक्ट द्या. खरा ऑब्जेक्ट त्याच्या पोटात ठेवा. मेथडने वेष्टणाला सांगायचं, ‘आता हा नवा धर.’ २०१५ पासून भाषेत प्रॉक्सी आहे, तीही याच कामाची. फक्त जुन्या ऑब्जेक्टने ठरावीक अंतराने वाजणारा टायमर लावला असेल, तर आधी तो बंद करा. नाहीतर तो जुन्यालाच हाका मारत राहील, आणि जुना मेमरीतून हलणार नाही.